घर क्रमांक एकेचाळीस

केपें तालुक्यातल्या जुन्या घरांची यादी करायची म्हणून
मला मिळाले होते एक टेप, तीस मीटरचा,
छापील अर्जांचा गठ्ठा, आणि मार्चचे बावीस दिवस.
रकाने सोपे होते.
मालक. बांधल्याचे साल. भिंत कशाची. छप्पर कशाचे. सद्यस्थिती.
बांधणाऱ्याचे नाव.

शिरवड्यात जो तो म्हणाला, आधी मिनेझिसांकडे जा.
गेलो.
बलकांवावर समोरासमोर दगडी सोपे,
खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्या,
दुपार त्यांतून झिरपत होती
ताकावरच्या निवळीसारखी.
दोतोर एवारिस्त स्वतः दाखवत फिरले:
नळे मंगळूरचे, खुर्च्या मकावच्या,
झुंबर बेल्जियमचे, ह्या पियानोला वाळवी लागत नाही.
जिन्याखाली दिव्यासाठी कोनाडा,
वर शिंपल्याच्या आकाराची कमान. बोट फिरवले. गुळगुळीत.
बांधले कुणी?
त्यांनी चष्मा पुसला.
‘माझ्या पणज्यानं.’
पुन्हा पुसला.
‘म्हणजे, बांधून घेतलं.’
मी लिहिले, बांधून घेतले.

टेकडीमागे वेळीपवाडा. अकरा घरे.
मातीच्या भिंती, शेणाची जमीन, साल कुणालाच ठाऊक नाही.
‘औंदाचंच घाल,’ भागरथी वेळीप म्हणाली,
‘औंदा लिंपलं.’
अर्ज दोन हातांनी धरून तिने उलटा पाहिला, सुलटा पाहिला.
कुठला रकाना कशाचा, विचारत गेली.
शेवटच्यावर थांबली.
‘भाटकारांच्या घराचं हे कोण सांगलं तुला?’
कुणीच नाही.
‘चल म्हज्या वांगडा.’

काजूंतून वाट. सुकी पाने पायाखाली पापडासारखी.
आणि एकदम जमीन संपली.

चिरेखण.
चारही भिंती ओळंब्यातल्या,
कोपरे काटकोनात, छिन्नीचे घाव तिरपे, एकाच उंचीवर, एकाच कलाने,
जसे काही घर आतून बाहेर काढून
नुसती आतली पोकळी ठेवून दिलेली.
तळाला पाणी. दोन म्हशी. एक खंड्या, निळा, कामात.
भागरथीने सासऱ्याच्या आज्याचे नाव घेतले, कुष्टा.
त्याचा भाऊ, तुळगो. मेहुणा पुतू.
आणखी दोघे होते, बोरीकडचे, नावे गेली.
पूर्वेच्या भिंतीत, पाण्यापासून हातभर वर,
एक कोनाडा. वर शिंपल्याच्या आकाराची कमान.
कडा खडबडीत.
‘हांगा शिकले,’ ती म्हणाली, ‘मागीर थंय केलं.’

टेपचे एक टोक मी तिला दिले.
ती पलीकडच्या काठाने चालत गेली, लुगडे खोचून,
आणि टेप संपला. काठ संपला नव्हता.
तिने वाकून हात लांबवला, बोटे काठाला लावली,
ओरडली, ‘लिही!’

रात्री हिशेब मांडला.
फुटके चिरे सोडून मिनेझिसांच्या सगळ्या भिंती
त्या खड्ड्यात बसत होत्या, जवळजवळ.
तळाच्या एका पायरीचा मेळ लागेना.
दुसऱ्या दिवशी तिने सांगितले,
थोडे इगर्जीला गेले, थोडे देवळाच्या तळीला.

मग मी अर्ज भरला.
मालक: कोमुनिदाद.
भिंत: चिरा, न काढलेला.
छप्पर: नाही.
सद्यस्थिती: वापरात.
बांधणाऱ्याचे नाव: जागा पुरली नाही,
उरलेले मागच्या बाजूला पाहावे.

कचेरीतून परत आला, तांबड्या शाईत:
‘हे घर नव्हे.’
यादी चाळीसांची छापून आली, जाड कागदावर.
दोतोरांचा फोन आला,
झुंबर बेल्जियमचे नव्हे, व्हेनिसचे.
पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो म्हटले.

माझ्या वहीत मात्र ते माप तसेच आहे,
साहेबांनी विचारले तर मीटरमध्ये सांगता येत नाही:
लांबी, तीस मीटर
आणि भागरथीचा एक हात.